ख्रिसमसच्या सुट्टीत कॅरिबियनमध्ये शिडाच्या बोटीवर राहायचंय? एक खाडी पकडा आणि बसा

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या आणि हल्ली पुण्यातल्याही ओळखीच्यांचे मेसेज सुरू होतात. यंदा ख्रिसमसला सुट्टी आहे, कॅरिबियनमध्ये बोटीवर राहायचंय, कोणी स्वतःची बोट घेतलीय, कोणी मित्राच्या बोटीवर जाणार, कोणी भाड्याने घेणार, आणि सोबत एक एक्सेल शीट, दहा दिवसांत आठ बेटं बसवलेली. ती शीट आधी डिलीट करा.

बाकीच्या वर्षात बोटीवर राहणं वेगळं आणि १५ डिसेंबर ते ५ जानेवारी राहणं वेगळं. या दिवसांत वारा वर्षातला सगळ्यात दांडगा, गर्दी सगळ्यात जास्त, आणि कस्टम्स ऑफिस, बँक, दुकानं सगळ्यात कमी उघडी. तिन्ही एकदम. त्यामुळे माझं सांगणं सरळ आहे, एक चांगली खाडी निवडा, २० तारखेच्या आत तिथे पोचा, नांगर नीट बसवा, आणि नवीन वर्ष उजाडेपर्यंत हलू नका. फिरायचं असेल तर जानेवारीत फिरा, नाहीतर बोट तिथेच ठेवून फेरीबोटीने फिरा.

वाऱ्याचं आधी समजून घ्या

हरिकेनचा सीझन अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर. विमा कंपन्या त्या हिशोबानेच चालतात, म्हणून बऱ्याच बोटी पावसाळाभर ग्रेनडा किंवा त्रिनिदादच्या यार्डात उभ्या असतात आणि डिसेंबर लागला की सगळ्या एकदम उत्तरेकडे निघतात. आकाश निळं, पाणी कोमट, आणि लोकांना वाटतं आता काय, सगळं शांत. तसं नसतं. हिवाळ्यात अटलांटिकवर जास्त दाबाचा पट्टा तगडा होतो, खाली विषुववृत्ताकडे दाब कमीच, मग दोघांमधल्या फरकामुळे नेहमीचा पूर्वेचा व्यापारी वारा जो एरवी १५-२० नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) असतो तो २५ वर जातो आणि झटके ३० च्या वर. तिथले लोक याला ख्रिसमस विंड्सच म्हणतात. एकदा सुरू झाला की दोन दिवसात थांबेल अशी आशा ठेवू नका, आठवडा-आठवडा चालतो, कधी त्याहून जास्त, आणि हा खेळ मधेमधे जानेवारीअखेरपर्यंत चालू राहतो.

खाडीच्या आत बसलात तर हा वारा काही वाईट नाही. उलट गरम होत नाही, डास टिकत नाहीत, पवनचक्की असेल तर बॅटरी भरून निघते. त्रास होतो तो दोन बेटांच्या मधल्या चॅनेलमध्ये. सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट ही डोंगराळ उंच बेटं, वारा डोंगराला अडतो आणि दोन बेटांमधल्या फटीतून जोरात घुसतो, वर पश्चिमेकडे जाणारा प्रवाह, आणि खुल्या अटलांटिकवरून आलेली दोन-अडीच-तीन मीटरची लाट. बेटाच्या आडोशाला होतात तेव्हा कॉकपिटमध्ये चहा पीत होतात आणि टोक ओलांडलं की कप कुठे, तुम्ही कुठे. टोकाच्या आधीच, अजून शांत असताना, शीड रीफ करून लहान करून घ्यायचं, हा एक नियम पाळलात तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट उत्तरेच्या स्वेलची. वर उत्तर अटलांटिकमध्ये कुठेतरी वादळ होतं आणि दोन-तीन दिवसांनी त्याच्या लांब लाटा इथे येतात, वारा पूर्वेचाच असतो पण लाट उत्तरेकडून वळून खाडीत शिरते. बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी आणि लाट कुशीतून, रात्रभर डुलत राहते, भांडी वाजतात, झोप नाही. किनाऱ्यावर डिंगी, म्हणजे बोटीवरची छोटी होडी, लावताना तर जपूनच, लाट फुटायची वेळ बघून. विंडीसारख्या अॅपवर वारा सगळेच बघतात, स्वेलचा लेयर बघत नाहीत. तो बघायचाच, किती सेकंदांच्या अंतराने लाट येतेय ते बघायचं, बारा-चौदा सेकंद दिसलं की समजायचं ही लांबून आलेली आहे आणि किनाऱ्याजवळ मोठी होणार.

कुठली खाडी

मी बेक्विया सांगतो. सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेला नऊ-एक सागरी मैलावर छोटं बेट, पोर्ट एलिझाबेथ गाव आणि समोर अॅडमिरल्टी बे, पश्चिमेला उघडी, पूर्वेच्या वाऱ्यापासून छान झाकलेली. गावात चालत सगळं मिळतं, भाजीबाजार आहे, पाणी-डिझेल देणाऱ्या आणि धुण्याचे कपडे नेणाऱ्या होड्या तुमच्या बोटीपर्यंत येतात. वाळूचा तळ शोधा, काही ठिकाणी तळ कडक आहे, नांगर नुसता घसरतो. प्रिन्सेस मार्गारेट बीचच्या समोर वाळू चांगली. लोअर बे दिसायला सुंदर आहे पण स्वेल आली की तिथे पहिला मान.

बाकीचे पर्याय थोडक्यात. सेंट लुसियाची रॉडनी बे: नोव्हेंबरअखेर कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून अटलांटिक ओलांडायची रॅली निघते, १९८६ पासून चालू आहे, साधारण २७०० मैल, आणि त्या बोटी डिसेंबरच्या मध्याला इथेच येऊन पोचतात. त्यामुळे मरिना फुल्ल, मूड मस्त, पार्ट्या रोज. अँटिग्वाचं इंग्लिश हार्बर म्हणजे नेल्सन्स डॉकयार्ड, २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, ख्रिसमसच्या दिवशी दुपारी तिथे शॅम्पेन पार्टी असते आणि आजूबाजूला कोट्यवधींच्या यॉट. मार्टिनिकचं सेंट अॅन आणि ल मारँ खरेदीसाठी सगळ्यात भारी, फ्रेंच सुपरमार्केट, चीज, वाइन, बोटीचे स्पेअर पार्ट्स. सेंट बार्ट्स आणि जॉस्ट व्हॅन डाइक इथे ३१ डिसेंबरला नाचायला जगातून लोक येतात, ज्यांना दादरला गणपतीच्या आदल्या दिवशी खरेदी करायला आवडतं त्यांनी जरूर जावं.

टोबॅगो कीज, म्हणजे ग्रेनाडीन्समधली छोटी प्रवाळाची बेटं, बघायचीच असतील तर ख्रिसमसच्या आधी नाहीतर ५ जानेवारीनंतर. जागा अप्रतिम आहे, कासवं बोटीखालून जातात, पण उघड्या समुद्रात फक्त प्रवाळाच्या भिंतीमागे नांगर टाकायचा असतो, वारा तसाच अंगावर, आणि सुट्टीत भाड्याच्या बोटींनी भरलेलं. शिवाय त्याच्या जवळचं युनियन आयलंड आणि ग्रेनडाचं कॅरिआकू, १ जुलै २०२४ च्या बेरिल हरिकेनने अक्षरशः सपाट केलं होतं. त्यामुळे जुन्या गाइडबुकातलं दुकान, जेटी, हॉटेल आहे असं धरून जाऊ नका. आणि गेलात तर तिथे पैसे खर्च करा, माशापासून भाजीपर्यंत तिथूनच घ्या.

कागदपत्रं

प्रत्येक बेट म्हणजे बहुतेक वेळा वेगळा देश. आत शिरलात की पिवळा झेंडा लावायचा, कॅप्टनने एकट्याने उतरून कस्टम्स-इमिग्रेशन करायचं, मग पिवळा काढून त्या देशाचा छोटा झेंडा उजव्या बाजूला. आधीच्या देशाचा क्लिअरन्स, बोटीची कागदपत्रं, सगळ्यांचे पासपोर्ट, क्रू लिस्ट. बऱ्याच बेटांवर सेलक्लिअर नावाच्या वेबसाइटवर माहिती आधी भरून ठेवता येते, भरा, टाइप करायचा वेळ वाचतो. सुट्टीच्या दिवशी क्लिअरन्स केला तर ओव्हरटाइम लागतो, आणि २५, २६ डिसेंबर, १ जानेवारी या सुट्ट्याच, सेंट लुसियात तर २ जानेवारीसुद्धा. ऑफिसात शॉर्ट्स-बनियनवर जाऊ नका, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य गुड मॉर्निंग. कामाचं नंतर. हे दुकानात, बाजारात, होडीवाल्याशी, सगळीकडे. आपल्याकडे काउंटरवर जाऊन डायरेक्ट "दोन पाव द्या" चालतं, इथे ते उद्धट वाटतं आणि मग तुमचं काम सावकाश होतं.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी: सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनाडीन्स, ग्रेनडा, डॉमिनिका, सेंट किट्स, बार्बाडोस इथे छोट्या मुक्कामाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण नियम बदलतात, तिकीट काढायच्या आधी त्या त्या सरकारच्या साइटवर बघून घ्या. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप फ्रान्सचेच भाग असले तरी शेंगेनमध्ये नाहीत, युरोपसाठी काढलेला व्हिसा तिथे आपोआप चालेल असं समजू नका. आणि मायामीवरून विमान असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे शेवटच्या क्षणी कळणारे लोक दरवर्षी भेटतात. विमानाने येऊन बोटीने पुढच्या देशात जाणार असाल तर एअरलाइन परतीचं तिकीट मागते, तेव्हा कॅप्टनचं सहीचं पत्र आणि बोटीच्या रजिस्ट्रेशनची कॉपी जवळ ठेवा.

नांगर

सगळ्या पोस्टमधून एवढाच भाग वाचलात तरी चालेल. खाडीत दुपारच्या आत पोचा. ऊन डोक्यावर असताना पाण्याचा रंग वाचता येतो, पांढरट-निळा म्हणजे वाळू, गडद म्हणजे गवत नाहीतर खडक. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अंधार पटकन होतो. अनोळखी खाडीत अंधारात शिरायचं नाही, बाहेर थांबायची वेळ आली तरी चालेल.

साखळी किती सोडायची त्याचा हिशोब असा, पाण्याची खोली अधिक पाण्यापासून बोटीच्या नाकाची उंची. सहा मीटर पाणी आणि दीड मीटर नाक म्हणजे साडेसात. शांत हवेला याच्या पाचपट, म्हणजे ३७-३८ मीटर, ख्रिसमसचा वारा येणार असेल तर सातपट, ५० च्या वर. आता सुट्टीतल्या गर्दीत सातपट साखळी सोडायला जागा मिळतेच असं नाही, म्हणून तर लवकर जायचं. जागा नसेल तर मोअरिंग घ्या, म्हणजे तळाशी कायमचा बांधलेला तरंगता बोया, पण घेतल्यावर गॉगल लावून खाली डुबकी मारून दोरी आणि शॅकल म्हणजे जोडकडी बघून या, कुणी बांधलंय आणि कधी तपासलंय याची खात्री नसते. स्वतःच्या नांगरावरही डुबकी मारायचीच. इंजिन मागे घेऊन ताण दिला, बोट थांबली म्हणजे नांगर बसला असं नाही, कधीकधी तो नुसता दगडाच्या कपारीत अडकलेला असतो आणि वारा फिरला की सुटतो.

साखळीवर स्नबर म्हणजे लवचिक नायलॉनची दोरी लावा, नाहीतर प्रत्येक झटका थेट विंडलासवर, म्हणजे नांगर ओढायच्या यंत्रावर येतो आणि केबिनमध्ये झोपणाऱ्याच्या डोक्यातही. फोनवर अँकर अलार्म लावा, बोट सरकली की वाजतो. आणि शेजारी कोण ते बघा: मोअरिंगवरची बोट जागच्या जागी फिरते, नांगरावरची मोठा गोल फिरते, कॅटामरान म्हणजे दोन तळांची बोट वेगळीच फिरते. रात्री तीनला झटका आला की हा फरक कळतो. तुमच्या पुढे कुणी फार जवळ नांगर टाकला तर लगेच, हसून, पण स्पष्ट सांगा. भिडेपोटी गप्प बसायचं आणि रात्रभर टॉर्च घेऊन बसायचं, हा आपला खास स्वभाव इथे उपयोगाचा नाही.

डिंगी रात्री पाण्यात सोडायची नाही. वर उचलून बांधा, इंजिनाला कुलूप. चोरी रोज होत नाही पण झाली तर तुमची रिक्षा गेली, आणि सुट्टीत नवी मिळणार नाही.

पाणी, वीज, संडास

पाण्याच्या बाबतीत मराठवाड्यातला किंवा टँकरवर वाढलेला माणूस बोटीवर पहिल्या दिवसापासून तरबेज असतो. जपून वापरलं तर माणशी १५-२० लिटर रोज पुरतं, भांडी आधी समुद्राच्या पाण्याने आणि शेवटचं फक्त गोड्याने, आंघोळ समुद्रात आणि वरून एक-दोन लिटर. पाहुणे आले की हे गणित कोसळतं, नळ उघडा ठेवून दात घासणारा माणूस तासाभरात ओळखू येतो. वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, असला तरी तो गर्दीच्या खाडीत चालवू नका, एवढ्या बोटींच्या टाक्या तिथेच रिकाम्या होत असतात.

विजेत सगळ्यात मोठा खाणारा फ्रिज, उष्ण हवेत दिवसाला सहज ५०-६० अँपिअर-अवर. ४०० वॉटचे सोलर पॅनल चांगल्या दिवशी शंभर-सव्वाशे देतात, पण डिसेंबरात दिवस लहान, ऊन तिरकं आणि मधेच ढगांची सर येऊन जाते, त्यामुळे त्या भरवशावर सगळ्यांचे लॅपटॉप, ड्रोन आणि स्टारलिंकचं सॅटेलाइट नेट चोवीस तास चालणार नाही. नेट रात्री बंद करायचं. भांडण होईल, होऊ दे.

संडासाचा नियम बोटीवरच्या प्रत्येकाला पहिल्या दहा मिनिटांत सांगा, पोटातून गेलेलं सोडून काहीही त्यात टाकायचं नाही, कागदसुद्धा नाही. पाणी वापरणाऱ्या आपल्या लोकांचा इथे स्वच्छ फायदा. आणि हँडल दहा-बारा वेळा मारायचं, दोनदा नाही.

गॅसचं मात्र गंमतीत घेऊ नका. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि बाहेर जायला वाट नसते. स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच बंद करायचा, प्रत्येक वेळी. फ्रेंच बेटांवरचे सिलिंडर आणि अमेरिकन फिटिंग जुळत नाही, तेव्हा २० तारखेच्या आत भरून ठेवा.

खायचं काय

प्रेशर कुकर. दुसरं काही विसरलात तरी चालेल. झाकण लॉक होतं म्हणून बोट डुलली तरी वरण सांडत नाही, गॅस वाचतो, आणि शिट्टी ऐकून शेजारची बोट चौकशीला येते. फक्त तळण चालत्या बोटीत नाही, आणि स्वेलमध्येही नाही. गरम तेल आणि डुलणारी बोट याच्यावर जास्त बोलायची गरज नाही.

कोरडा माल मार्टिनिकला किंवा सेंट लुसियात भरा. खोके बोटीवर आणायचे नाहीत, पुठ्ठ्यात झुरळांची अंडी असतात, सगळं धक्क्यावर काढून पिशव्यांत. कोबी, भोपळा, कांदे, बटाटे टिकतात. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली बघून घ्या, मग ती बाहेरही टिकतात, अधूनमधून उलटी करत राहायची.

आणि ताजा बाजार बघितलात की अर्धा कोकणच. डिसेंबरात ओल्या तुरीच्या शेंगांचा सीझन असतो, ख्रिसमसच्या ताटात तूर हवीच असते त्यांना, बायका बाजारात बसून शेंगा सोलत असतात, तुम्ही आमटी करा. डशीन म्हणजे अळू, त्याच्या पानांचं कॅलालू सूप करतात, तुम्ही फदफदं करा, चिंच मिळते. ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस, १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं आणून सेंट व्हिन्सेंटला उतरवली होती, गुलामांना स्वस्तात खायला घालायला; आता भाजलेला नीरफणस आणि तळलेला मासा हा तिथला राष्ट्रीय पदार्थ आहे. काप करून रवा लावून तव्यावर भाजले तर मालवणी माणसाच्या डोळ्यात पाणी येतं. ख्रिसमसला सगळीकडे लाल रंगाचं सॉरेल मिळतं, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, आलं-लवंग-दालचिनी घातलेलं. विचारून घ्या, कारण अनेकदा त्यात रमही घातलेली असते. रोटी म्हणून जे मिळतं ते त्रिनिदादच्या भारतीय मजुरांच्या वंशजांमुळे सगळ्या बेटांवर पसरलेलं, डाळ भरलेली पोळी आणि आत करी, चिकन, बटाटा. मिरची सॉस थेंबभरच, ती मिरची लवंगीची आजी आहे.

मासे होडीवाल्याकडून. सेंट व्हिन्सेंटमध्ये लॉबस्टरचा सीझन डिसेंबरात चालू असतो, भाव आधी ठरवा, परदेशी पाहुण्यांनी स्वतः भाला घेऊन मासे मारायला तिथे बंदी आहे. अँटिग्वाच्या आसपास आणि त्याच्या उत्तरेला मोठा बराकुडा वगैरे प्रवाळातला मासा खाताना स्थानिकांना विचारा, सिग्वाटेरा नावाची विषबाधा होते, शिजवून जात नाही.

आणि किनाऱ्यावर एक झाड असतं मँचिनील, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, फार सुंदर सावली. फळ खायचं नाही, चीक लागू द्यायचा नाही, पावसात त्याच्याखाली उभंसुद्धा राहायचं नाही, थेंबातून अंग भाजतं. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा असतो, सगळीकडे नसतो. मुलं बरोबर असतील तर हे पहिल्या दिवशीच दाखवा.

रोख पैसे २३ तारखेच्या आत काढा. ईस्ट कॅरिबियन डॉलर १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे, त्यामुळे भावाची चिंता नाही, चिंता एटीएम रिकामं होण्याची.

सण

सेंट व्हिन्सेंटमध्ये ख्रिसमसच्या आधीचे नऊ दिवस नाइन मॉर्निंग्ज असतात, १६ ते २४ डिसेंबर, पहाटे चारच्या सुमारास लोक रस्त्यावर, गाणी, स्ट्रिंग बँड, सायकली, समुद्रात आंघोळ, आणि मग तसेच कामावर. जगात दुसरीकडे कुठे नाही म्हणतात. काकड्याला उठायची सवय असलेल्यांनी एक तरी सकाळ सोडू नये. सेंट लुसियात १३ डिसेंबरला राष्ट्रीय दिवस, दिव्यांचा सण, आणि त्या सुमाराला गावागावात बांबूच्या नळीत रॉकेल घालून बार उडवतात, पहिल्यांदा ऐकलं तर दचकाल. कॅरिआकूला डिसेंबरात परांगचा उत्सव, घरोघरी जाऊन गाणं, गाण्यात शेजाऱ्यांची वर्षभराची लफडी काढतात. मार्टिनिकला शांते न्वेल, गल्लीत जमून गाणी.

बोटी-बोटींचं जेवणही असतं, बीचवर, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. घोषणा सकाळी व्हीएचएफ रेडिओवर होते, ऐकत राहा. आपण न्यायचं ते हाताने खाता येईल असं आणि गार झालं तरी चालेल असं: थालीपीठाचे तुकडे, कोथिंबीर वडी, तीळ-गूळ असेल तर तेही, संक्रांतीची वाट कोण बघतंय. आपल्या प्लेट-चमचे आपण न्यायचे, कचरा आपण परत आणायचा. कचरा नेतो म्हणून होडीवाला विचारतो तेव्हा नको म्हणा, गावातल्या कुंडीत स्वतः टाका.

रोषणाई करा, यूएसबीच्या एलईडी माळा शिडाच्या दोरीने डोलकाठीवर चढतात, पण वाऱ्यात फडफडून दोन रात्रीत तुटतात म्हणून खालून वरून ताणून बांधा. नांगराचा पांढरा दिवा त्या झगमगाटात दिसलाच पाहिजे. लाल-हिरव्या माळा टाळा, पाण्यावर त्या रंगांचा अर्थ चालती बोट असा होतो.

३१ डिसेंबरला, इथे ओल्ड इयर्स नाइट म्हणतात, दोन गोष्टी. एक, एक्स्पायर झालेले फ्लेअर बारा वाजता आकाशात उडवायचा मोह अनेकांना होतो. ते संकटाचे सिग्नल आहेत, कायद्याने गुन्हा, आणि खाली पडताना दुसऱ्याच्या शिडावर पडतात. दोन, पार्टीहून डिंगीने परत येणं हा अख्ख्या सुट्टीतला सगळ्यात धोक्याचा प्रवास. इंजिनाची किल-कॉर्ड (माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, डिंगीत पांढरा दिवा, वेग चालण्याइतका, आणि एक माणूस न प्यायलेला. नसेल तर वॉटर टॅक्सी.

पाहुणे

सुट्टीत पाहुणे येणारच. त्यांना तारीख सांगा नाहीतर जागा सांगा, दोन्ही सांगू नका. २३ तारखेला अमुक बेटावर घ्यायला येतो असं कबूल केलं की मग तीस नॉटमध्ये चॅनेल ओलांडायची पाळी येते, आणि बोटींचे बरेच अपघात अशा वेळेच्या घाईतूनच होतात. तुम्ही बेक्वियाला बसून राहा, त्यांना येऊ दे. सेंट व्हिन्सेंटचं अर्गाइल विमानतळ २०१७ पासून चालू आहे, मोठी विमानं उतरतात, तिथून किंग्सटाउन आणि फेरीने तासाभरात बेक्विया.

बॅगा मऊ आणायला सांगा, चाकाची कडक सूटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते. बोट लागत असेल त्यांनी अॅव्होमिन वगैरे जे घेतात ते निघायच्या आधी घ्यायचं, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि डॉक्टरांना विचारून, कारण झोप येते. आलेपाक खिशात. नजर क्षितिजावर, खाली केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघायचा नाही.

परतीच्या वेळेस पाहुण्यांच्या विमानाआधीच्या दोन रात्री त्यांना सेंट व्हिन्सेंटवर जमिनीवर झोपवा. वाऱ्याचा दिवस असला तर छोट्या होड्या धावत नाहीत, मोठी फेरी धावते पण १ जानेवारीला वेळापत्रक वेगळं असतं, ते धक्क्यावर जाऊन आदल्या दिवशी विचारून या.